पडदे काढण्यापूर्वी

स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या महाविद्यालयात नकलांना बहर येतो. कुणी एखाद्या नटासारखे केस राखतो, कुणी आवडत्या कवीसारखा खांद्यावर झोळी अडकवतो. प्राध्यापक मंडळी अशा नकलांवर टीका करतात. मी मात्र ती करणार नाही, कारण मी स्वतः नकलेचा अपराधी आहे. त्या अपराधातून माझे एक मत तयार झाले आहे. तेच येथे मांडतो.

माझ्या काकांनी तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली. आपल्या यवतमाळचा दुर्गोत्सव सर्वांना ठाऊक आहेच. त्या नऊ दिवसांत आणि गणपतीत त्यांचा ऑर्केस्ट्रा दारव्हा, दिग्रस, पुसद असा जिल्हाभर फिरे. पुढे ऑर्केस्ट्रे बंद पडले, काका दुकानात बसू लागले आणि गिटार कपाटावर गेली. देशी बनावटीची, साधी, चार तारांची. ती मी खाली काढली आणि शिकू लागलो.

अशातच मला जॅको पॅस्टोरियस हा अमेरिकन वादक ऐकायला मिळाला. बेस म्हणजे मागे राहून 'धम् धम्' करणारे वाद्य, एवढीच माझी समजूत होती. या गृहस्थाने ते गळ्यासारखे गायला लावले होते. त्याच्या स्वरांतून मींड निघते, अगदी आपल्या सरोदासारखी. कारणही तेच. सरोदाला पडदे नसतात आणि जॅकोने आपल्या १९६२ सालच्या फेंडर जॅझ बेसचे पडदे काढून टाकले होते. पडद्यांच्या खाचा त्याने लाकडाच्या लांबीने भरल्या. तारांच्या घर्षणाने शिसवी पट्टी झिजू नये म्हणून तिच्यावर बोटींना देतात तसा इपॉक्सीचा कडक लेप दिला. १९७६ साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका आली, त्याच वर्षी तो 'वेदर रिपोर्ट' या वाद्यवृंदात गेला आणि जगभरचे बेसवादक चकित झाले. १९८६ मध्ये ती गिटार न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली. १९८७ मध्ये जॅको वारला. गिटार मात्र कित्येक वर्षांनी पुन्हा सापडली. ती सापडण्याआधीच फेंडर कंपनीने तिची हुबेहूब नक्कल विकायला काढली होती, झिजल्याच्या खुणांसकट!

ती विकत घेणे माझ्या सात पिढ्यांना शक्य नव्हते. मी ठरवले, काकांच्या गिटारीचीच जॅकोची गिटार करायची. काका लग्नाला बाहेरगावी गेले होते. मे महिना होता. सोल्डरिंग आयर्नने एकेक पडदा तापवून मी पकडीने उपटला. पडद्याच्या बुडाला बारीक दाते असतात, ते निघताना पट्टीचे टवके घेऊन आले. ओळखीच्या सुताराकडून लांबी आणून खाचा भरल्या आणि वर ॲराल्डाइट फासले. आठ दिवसांत आपल्या उन्हाने आपले काम केले. लाकूड आकसले, लांबी खाचांतून सुटली. पडद्यांनी पाचरीसारखी ताठ धरलेली मान तारांच्या ओढीने पुढे वाकली.

तरीही मी वाजवली. आणि तेव्हा पडदा म्हणजे काय ते मला समजले. जॅझ बेसच्या तारेची लांबी चौतीस इंच असते. पहिला पडदा सुमारे दोन इंचांवर येतो, तर अकराव्या व बाराव्या पडद्यांत जेमतेम एक इंचाचे अंतर उरते. तेथे बोट पाव इंच सरकले की सूर स्पष्टपणे ढळतो. पडदा ही चूक पोटात घालतो. तो काढला की प्रत्येक सुराची जबाबदारी बोटावर आणि कानावर येते. जॅकोने पडदे काढले तेव्हा ती जबाबदारी उचलणारा कान त्याच्यापाशी होता. माझ्यापाशी पकड होती.

काका परत आले. संध्याकाळी सहज गिटार मांडीवर घेतली. त्यांची बोटे अंधारातही जागेवर पडत, ती पडदे शोधू लागली. दोनचार सूर वाजले, सगळे बेसूर. त्यांनी पट्टीवरून हात फिरवला.

"काऊन रे, हिचे पडदे कुठी गेले?"

मी जॅकोची सगळी कथा सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "मले इचारलं असतं तं मीच काढून देल्ले असते." आणि गिटार भिंतीला टेकवून जेवायला उठले. त्यानंतर त्यांनी ती हातात घेतलेली नाही.

आता माझे मत. वाद्यात बदल करणे हे पाप नव्हे. बदल झाला नसता तर वाद्येच घडली नसती. उस्ताद विलायत खाँ यांनी सतारीची खर्जाची तार काढली, गांधाराची बसवली आणि गायकी अंगाची लांब मींड पेलावी म्हणून बांधणी भक्कम करवून घेतली. पंडित रविशंकर यांनी खर्ज राखला, कारण त्यांना तो हवा होता. मिरजेचे उदाहरण तर घरचेच आहे. १८५० च्या सुमारास तेथील फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांपैकी, वाद्यांच्या कामाकडे वळले. त्या परंपरेतून घडलेल्या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचा कारागीर तंबोरा लावताना गाणाऱ्याची पट्टी आधी विचारतो. पुरुषाचा तंबोरा मोठा, स्त्रीचा लहान.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. बदल गरजेतून आला. जॅकोचेही तसेच. त्याचे उभे बेस वाद्य फ्लोरिडाच्या दमट हवेत तडकले, असे सांगतात. तो आवाज त्याला गिटारीतून हवा होता. त्याच्या हाती होती ती एक जुनी गिटार. ती पुढे प्रसिद्ध होईल हे त्याला कुठे ठाऊक होते? त्याने सूर शोधला, त्यापायी गिटार बदलली. मी गिटार बदलली आणि सूर आपोआप येईल म्हणून वाट पाहत बसलो.

यावर कुणी म्हणेल, शिक्षणाची सुरुवात नकलेनेच होते. शागीर्द आधी गुरूचीच तान उचलतो. मान्य आहे. पण शागीर्द तान उचलतो ती आपल्या गळ्याने, रोज चुकत चुकत. ती नकल कष्टाची असते, म्हणून ती त्याला घडवते. साधनाची नकल एका दुपारी होते आणि आपण होतो तेथेच राहतो. दुसरे असे की, तान चुकली तर उद्या पुन्हा घेता येते. टवके उडालेली पट्टी पूर्ववत होत नाही.

म्हणून माझ्या मित्रांना माझी विनंती आहे. नकल जरूर करा, पण पकड हातात घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. मला जो सूर हवा आहे तो या वाद्यातून, आहे त्या स्थितीत, मी कधी खरोखर शोधला आहे काय? आणि हे वाद्य कुणाच्या बोटांना ओळखते? आपल्या घराघरांत माळ्यावर पेट्या, बुलबुल, जुन्या गिटारी पडून आहेत. त्या आपल्याला टाकाऊ वाटतात, पण कुणाची तरी बोटे अजून त्यांच्यावर बिनचूक पडत असतील.

माझ्यापुरते सांगायचे तर सुताराने सल्ला दिला आहे की पट्टीच नवी बसवावी लागेल. मी शिकवण्या घेऊन पैसे जमवतो आहे. पट्टी बसली की तीवर पडदे बसवायचे की नाही, हे मात्र या वेळी काकांना विचारूनच ठरवीन.