रात्रीचे रान रिकामे नसते

(बी. ए. द्वितीय वर्ष)

जालना जिल्ह्यात जंगल ते किती! तेव्हा रानडुकरांच्या शिकारीवर आपल्या वार्षिकात लेख कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणारा बहुधा शहरातला असेल. आमच्या घनसावंगी तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली ऊस उभा राहिला आणि डुकरांना जंगलाची गरजच उरली नाही. दिवसा उसात नाही तर ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीत पडून राहायचे आणि अंधार पडला की भुईमुगात, मक्यात, हरभऱ्यात उतरायचे, हा त्यांचा नेम. डुक्कर खाते थोडे आणि नासते फार. त्याने उकरलेले भुईमुगाचे वावर सकाळी पाहावे, कोणी रातोरात नांगर घातला की काय असे वाटते. म्हणून आमच्याकडची माणसे पीक हाती येईपर्यंत जागलीला जातात. माझे आण्णाही जातात.

तेव्हा डुक्कर मारूच नये असे सांगणाऱ्यांतली मी नाही. ज्याचे पीक शाबूत आहे त्याला भूतदया सोपी जाते. माझे म्हणणे शिकारीच्या बेताविषयी आहे.

या हिवाळ्यात असा एक बेत आमच्या गावात शिजला. माझ्या काकांच्या ओळखीची शहरातली चार माणसे, परवान्याच्या बंदुका असलेली, एका शनिवारी रात्री येऊन रविवारी परतणार होती. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. जीप कुठवर जाते, मुक्कामाची सोय काय आणि वाट दाखवायला एखादा पोरगा मिळेल का. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून वनखात्याला द्यायचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. (मला सरकारी मराठी येते असा गावाचा समज आहे. तो मी मोडलेला नाही.)

अर्जासाठी कायदा वाचावा लागला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. हौसेच्या शिकारीचे परवाने १९९१ च्या दुरुस्तीने गेले. उरले ते कलम ११. जनावर जीविताला किंवा उभ्या पिकाला घातक ठरले असेल तर अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. २०१५ साली राज्य शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत ही वाट शेतकऱ्यांना जरा सोपी केली. २०२२ च्या दुरुस्तीने डुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेले, तरी कलम ११ ची वाट बंद झालेली नाही. मारलेले जनावर मात्र सरकारजमा होते. मटणाचा बेत करणाऱ्यांनी हे आधी वाचलेले बरे! थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीने ही शिकार नव्हे, राखण आहे.

पण येणारा पाहुणा राखणीला येत नाही. तो अनोळखी मुलखात येतो आणि अनोळखी माणसाला रात्रीचे रान रिकामे दिसते. ते कधीच रिकामे नसते. शेतीपंपांची वीज आळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की घराघरातला एकेक माणूस दारे धरायला जातो. तो चिखलात वाकलेला असतो, अंगावर काळी घोंगडी असते, आणि बॅटरीचे सेल वाचवायचे म्हणून उजेड बंद असतो. उसाच्या कडेला असे काही काळे, बुटके हालताना शंभर पावलांवरून सर्चलाइटच्या झोतात कसे दिसेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. ऊसतोड चालू असली तर फडाजवळ मजुरांच्या कोप्या असतात, कोप्यांत लहान पोरे झोपलेली असतात. कापूस निघालेल्या रानात मेंढरे बसवलेली असतात, त्यांच्याजवळ धनगर असतो. माळ्यावर जागल्या असतो. ही सगळी माणसे जीपचा रस्ता विचारणाऱ्याच्या हिशेबात कुठे आहेत?

रायफलची गोळी नेम चुकला म्हणून जागेवर पडत नाही, ती दोन-दोन किलोमीटर जाऊ शकते. डोंगराच्या मुलखात तिला अडवायला उतार तरी असतो. आमच्याकडे सपाट काळी जमीन, आडोसा म्हणजे बांध. अशा ठिकाणी जीपमधून आडवा बार टाकणे हा निव्वळ जुगार आहे. उंचावरून, खालच्या मातीत जाईल असाच बार घ्यायला हवा. आता माळा कुठे बांधायचा, हे कोण सांगणार? डुकराची नजर अधू असते पण नाक मोठे तिखट. आण्णा वारा कुठून आहे ते पाहूनच बिडी पेटवतात. कळप कोणत्या नाळीतून वर येतो, कोणत्या डबक्यात लोळतो, कोणत्या बाभळीला अंग घासतो, हे त्यांना खुरांच्या मागावरून कळते. बंदूक कशी चालवायची ते पाहुण्यांना ठाऊक आहे. ती कोणत्या बाजूला चालवायची नाही, ते फक्त आण्णांना ठाऊक आहे. आणि त्यांना बेतात जागा कोणती? ‘वाट दाखवायला एखादा पोरगा’!

ही चाल जुनी आहे. घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणे हा इंग्रज अधिकाऱ्यांचा लाडका खेळ होता. स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेल यांनी १८८९ साली त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. जालन्यालाही हैद्राबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती. साहेब भाला घेऊन सज्ज असे, पण उसातून, झुडपांतून डुक्कर उठवायला हाकारे लागत ते गावचेच. आपल्या काळातही बाहेरची बंदूक बोलावण्याची रीत आहे. बिहारात मोकामा भागात जून २०१६ मध्ये हैद्राबादहून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांची, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांची, जाहीर खडाजंगी झाली. वाद मारावे की मारू नये एवढाच झाला. रात्री त्या रानात झोपणाऱ्याला कोणी विचारले काय, हा प्रश्न मला त्या बातम्यांत कुठे आढळला नाही.

जखमी जनावराचे तर कोणी बोलतच नाही. गोळी लागलेले डुक्कर उसात शिरले की अंधारात त्याच्या मागे जाणे म्हणजे सुळ्यांपुढे पोट धरणे. पाहुणे जाणार नाहीत आणि त्यांनी जाऊही नये. रविवारी सकाळी जीप निघून जाते. ते डुक्कर सोमवारी कापूस वेचणाऱ्या बायांच्या वाट्याला येते. त्या बायांत माझी आई असते.

मला विचाराल तर असा बेत शनिवारच्या रात्रीपासून सुरू होऊच नये. येणाऱ्याने दोन दिवस आधी, उजेडी यावे. जागल्याबरोबर पायी शिवार फिरावे, माग पाहावा. विजेची दिवसाची पाळी असलेला आठवडा निवडावा. कोपीवाल्यांना आणि मेंढरेवाल्यांना निरोप पोचलाच पाहिजे. जखमी जनावराचा शोध संपेपर्यंत कोणी परत जायचे नाही, हे आधी ठरावे. आणि जागल्याने ‘आज नको’ म्हटले तर बंदुका पिशवीतच राहाव्यात. एवढे करायला सवड नसेल तर शेताला झटका मशीन लावलेले परवडले. तारेत चोरून घरची वीज सोडण्यापेक्षा तर नक्कीच, त्यात डुकराच्या आधी कधी शेतकरीच सापडतो.

काकांना हे पटले नाही. ‘‘पोरी, ते शिकारीला येणार का शिरगणतीला?’’ असे ते पारावर सगळ्यांसमोर म्हणाले. लोक हसले. मी म्हटले, ‘‘काका, शिरगणती झाल्याशिवाय बंदूक नको.’’ आण्णा काही बोलले नाहीत, पण अर्जावर सही करताना त्यांनी मला थांबवून, मळ्यात कोणकोण झोपते ते एकेक करून सांगितले. ती नावे मी एका पानावर लिहून अर्जाला जोडली. कोप्यांतली पोरे धरून एकवीस भरली. अर्ज वनखात्यात दिला आहे. पाहुण्यांना दोन दिवस आधी यायचे कळवले, त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. येत्या सोमवारपासून आमच्या फीडरला रात्रीची पाळी आहे.