लेबल आपलं, मालक कोण?

नामिबिया १९९०मध्ये स्वतंत्र झाला. त्याची 'विंडहोक' बिअर बनवणारी कंपनी मात्र १९२०ची. देशाहून ७० वर्षांनी थोरली! त्यात बिअरला नाव राजधानीचं. तिथल्या लोकांना ती 'आपली' वाटणं साहजिकच. पण २०२३मध्ये कंपनीचा ताबा डच 'हायनेकन'कडे गेला. बाटलीवरचं नाव तेच, मोठे निर्णय मात्र ॲमस्टरडॅमला.

हसू नका दोस्तांनो, आपली 'किंगफिशर'ही २०२१पासून हायनेकनच्याच ताब्यात आहे. परदेशी पैसा आला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण 'नॅशनल ब्रँड' म्हणून कॉलर ताठ करण्याआधी नफा कुणाच्या खिशात जातो, एवढं तरी विचारा. बिअर प्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. हा मात्र सगळ्यांचा.