कामाचें वस्त्र आणि मानाचें वस्त्र

ॲप्रन म्हणजे कमरेपुढें बांधावयाचें कामाचें वस्त्र. खालचा कपडा मळूं नये, एवढाच त्याचा मूळ हेतु. परंतु अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील श्रीमंत स्त्रियांनीं तें रेशमाचें केलें, त्यावर रंगीत रेशमानें व जरतारेनें फुलें-वेली भरविल्या. आणि जें मळण्यासाठीं होतें, त्यासच डाग लागूं न देण्याची काळजी सुरू झाली! कष्टाची खूण होती, ती कष्ट न करण्याची खूण बनली.

आमच्या वाचकांनीं, विशेषतः व्यापाऱ्यांनीं, लक्षांत घ्यावयाची गोष्ट याहून निराळी आहे. ही हौस चालू असतां त्या देशानें आपल्या विणकरांस वाऱ्यावर सोडलें नाहीं. १७०० च्या कायद्यानें बंगाल, इराण व चीन येथील रेशमी कापड आणि हिंदुस्थानांतील छिटें वापरण्यास तेथें बंदी झाली. १७२१ सालीं छिटांवरील बंदी अधिक कडक झाली. १७७३ सालीं लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागांतील रेशीम-विणकरांच्या मजुरीचे दर ठरविण्याचा अधिकार कायद्यानें मॅजिस्ट्रेटांस मिळाला व तो १८२४ पर्यंत टिकला. म्हणजे खुल्या व्यापाराचें तत्त्वज्ञान जगास शिकविण्यापूर्वीं इंग्लंडानें आपलें घर कायद्यानें राखलें. बंगालच्या विणकराचें तेथील गिऱ्हाईक मात्र त्याच कायद्यानें गेलें.

ते ॲप्रन आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांचें कौतुक अवश्य करावें. पण भरतकामाच्या वस्त्राचा भाव करतांना, तें भरणाऱ्या हातास काय मिळालें, हेंही विचारावें. हा प्रश्न न विचारणारी रसिकता अपुरी होय.