कागदावरचे ॲव्हरेज आणि ड्रायव्हरची इज्जत

आषाढीला नारायणगडावर माणसांचा पूर लोटतो. धाकटी पंढरी म्हणतात या गडाला. पंढरपूरला जाणे ज्यांना जमत नाही ते इथे येतात. पुण्या-मुंबईकडच्या भाड्याच्या गाड्या त्या दिवशी गडाच्या पायथ्यापर्यंत लागलेल्या असतात. अशीच एक गाडी घेऊन आमच्या गावातला एक पोरगा आला होता. पुण्यात एका मालकाकडे तो ड्रायव्हर आहे. प्रवासी गडावर गेले आणि हा आमच्या ओट्यावर येऊन बसला. चहा पुढे ठेवला तरी हात लावीना.

विचारले तेव्हा कळले, की मालकाने त्याच्यावर पेट्रोलचोरीचा आळ घेतला आहे. गाडी नवी, हायब्रिड एसयूव्ही. कागदावर ॲव्हरेज लिटरला २८ किलोमीटर. मालक तोच आकडा धरून पेट्रोलचा हिशेब करतो. जास्त लागले की पगारातून कापतो. पगार १८ हजार. महिन्याला चार हजारांच्या आसपास कपात, आणि असे तीन महिने झालेले. पैशापेक्षाही त्याला दुसरीच गोष्ट लागली होती. मालक चार माणसांत म्हणाला होता, "कंपनी खोटं बोलते का तू?"

"काका, एक थेंब बी इकला न्हाई म्या," तो म्हणाला.

वाचकांपासून काय लपवायचे? आमच्याही मनात क्षणभर पाल चुकचुकली. २८ कुठे आणि २२ कुठे! पण आम्ही पडलो कारकून. ताळेबंद जुळला नाही म्हणून लगेच कॅशियरला चोर ठरवायचे नसते, आधी नोंदी तपासायच्या असतात, हे आम्ही नोकरीत शिकलो आहोत. म्हणून आधी तो २८ चा आकडा येतो कुठून, ते पाहू.

पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एक संस्था आहे, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १९६६ साली ती स्थापन झाली. लोक तिला 'एआरएआय' म्हणतात. जाहिरातीत जो 'एआरएआय प्रमाणित' ॲव्हरेजचा आकडा असतो, तो अशा तपासणीतून येतो. ही तपासणी रस्त्यावर होत नाही. बंद खोलीत गाडीची चाके रोलरवर ठेवतात. गाडी जागेवरच धावते. किती वेळ धावायचे, कधी वेग वाढवायचा, कधी थांबायचे, हे सगळे सेकंदासेकंदाने ठरलेले असते. पूर्ण चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडी कमी. तेवढ्यात गाडी सुमारे साडेदहा किलोमीटर 'जाते'. जास्तीत जास्त वेग ताशी ९०, आणि सरासरी ताशी ३२ च्या आसपास. एसी बंद. वजन जेमतेम दोघा माणसांचे धरलेले. पेट्रोल टाकीत काठी घालून मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघालेला धूर गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळले ते काढतात.

ही तपासणी खोटी नाही. सगळ्या गाड्यांना एकच पेपर दिला तरच कोण पुढे, कोण मागे ते कळते. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला आहे. पण पुण्याहून पाच माणसे, त्यांचे सामान आणि चालू एसी घेऊन नगरमार्गे बीडला येणारी गाडी हा पेपर सोडवत नसते. तिचा पेपर वेगळा आहे.

त्यातून ही गाडी हायब्रिड. हिच्यात पेट्रोलचे इंजिन आहे आणि विजेची मोटरही आहे. सिग्नलला थांबली की इंजिन बंद पडते. हळू चालताना बरेचदा नुसती मोटर ओढते. ब्रेक दाबला की साध्या गाडीत जी ताकद तापून वाया जाते, त्यातला काही भाग इथे बॅटरीत परत जमा होतो. म्हणजे थांबत-थांबत, हळूहळू जाण्यात हिची खरी बचत. आणि ती वीस मिनिटांची चाचणी बहुतेक तशीच आहे. हमरस्त्यावर ताशी शंभरने सलग पळवली तर ब्रेक लागत नाही, इंजिन बंद पडत नाही आणि बचत आटते. वर वारा आडवा येतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. एसयूव्ही उंच आणि रुंद, म्हणून तिला तो जास्तच. घाट चढताना पेट्रोल लागतेच. उतारावर बॅटरी भरते, पण ती एकदा भरली की पुढच्या उताराची कमाई ठेवायला जागा नसते.

हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत टोयोटाची प्रियस ही हायब्रिड गाडी २००४ साली सरकारी आकड्यानुसार शहरात गॅलनला ६० मैल जात होती. लोकांच्या पदरात तेवढे पडेना. तिथल्या सरकारने २००८ च्या मॉडेलपासून तपासणीत जास्त वेग, एसी आणि थंडी धरायला लावली. नव्या हिशेबाने त्याच गाडीचा आकडा ४८ वर आला. इंजिन तेच, चाके तीच, फक्त माप बदलले. त्या बारा मैलांची चोरी कोणत्या ड्रायव्हरने केली होती?

पण मालकाला अमेरिका सांगून उपयोग नव्हता. त्याला वही दाखवायला हवी होती. आम्ही पोराला शंभर पानी वही दिली आणि सांगितले, दर वेळी टाकी पूर्ण भरायची, नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचे. मीटर लिहायचा, लिटर लिहायचे, पावती चिकटवायची. शक्यतो पंपही एकच ठेवायचा. कोणता रस्ता, किती माणसे, एसी चालू की बंद, तेही लिहायचे. पुढच्या खेपेला त्याने ही वही आणून दाखवली :

पुणे शहरात : २१२ किलोमीटर, ९ लिटर. लिटरला साडेतेवीस.
पुणे ते बीड, पाच माणसे, एसी, वेग शंभरच्या घरात : २४८ किलोमीटर, १२.४ लिटर. लिटरला २०.
बीड, गड आणि आसपासचे चढउतार : ८६ किलोमीटर, ५ लिटर. लिटरला सतरा.
परत पुण्याला, एकटाच, एसी बंद, वेग ऐंशीच्या आत : २५० किलोमीटर, १० लिटर. लिटरला २५.

चार ॲव्हरेजांची बेरीज करून चाराने भागू नका, ती चूक आहे. सगळे किलोमीटर एकत्र करा, सगळे लिटर एकत्र करा आणि मग भागा. ७९६ किलोमीटर, ३६.४ लिटर. लिटरला जवळजवळ २२. कागदाच्या हिशेबाने लागायला हवे होते साडेअठ्ठावीस लिटर. फरक आठ लिटरचा. लिटर १०५ रुपयांना धरले तर एका खेपेत ८४० रुपये एका गरिबाच्या खिशातून गेले, आणि वर चोर म्हणून नाव झाले.

शेवटच्या ओळीकडे नीट पाहा. गाडी तीच, रस्ता तोच, माणूस तोच. माणसे उतरली, एसी बंद झाला, वेग उतरला, तर लिटरमागे पाच किलोमीटर वाढले. पोरगा पेट्रोल विकणारा असता तर ही ओळ त्याच्या वहीत कशी आली असती?

वहीची नक्कल आणि एक साधे पत्र मालकाला पाठवले. पत्रात भांडण नव्हते. एवढेच लिहिले, की आपल्या विश्वासातला दुसरा माणूस याच गाडीवर, याच रस्त्याने पाठवून पाहावे. मालकाने आपल्या पुतण्याला पाठवले. पुतण्या आला लिटरला २१ घेऊन! पुढच्या महिन्यापासून कपात थांबली. मागच्या तीन महिन्यांचे साधारण बारा हजार अजून यायचे आहेत. त्यासाठी आमचा पाठपुरावा चालू आहे. पोराची आई मात्र पैशाचे विचारीत नाही. ती म्हणते, "भाऊ, चार माणसांत चोर म्हणाले, तवा चार माणसांतच न्हाई म्हणावं." आम्हाला तिचे म्हणणे पटते.

आपल्या घराघरांतून पोरे आज गाडीवर आहेत. कोणी टॅक्सीवर, कोणी टेम्पोवर, कोणी मोटारसायकलवरून घरोघर पार्सल पोचवतो. त्यांना आमचे सांगणे एवढेच. कामाला लागताना पेट्रोलचा हिशेब कोणत्या आकड्याने होणार ते आधी विचारा. कागदावरचा आकडा कबूल करू नका. पहिला महिना टाकी भरून मोजा आणि त्यावर दोघांच्या सह्या करा. स्वतःची गाडी घ्यायची असेल तर दुकानदाराच्या आकड्यावर हप्ता बसवू नका. तुमच्याच रस्त्यावर तीच गाडी चालवणाऱ्याला गाठा आणि त्याची वही पाहा. त्याच्याकडे वही नसेल तर त्याला एक घेऊन द्या. वीस-तीस रुपयांची वही आहे. आमच्या गावच्या पोराची इज्जत तिने वाचवली.