वंशवृक्षात न मावणारी नावं

माझ्या टीममधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने गेल्या वर्षी मला त्याच्या घराण्याची फाइल पाठवली. १६३५च्या सुमारास इंग्लंडहून व्हर्जिनियात उतरलेल्या पूर्वजापासूनच्या बारा पिढ्या होत्या तिच्यात. म्हणाला, डुप्लिकेट नोंदी शोधणारी एक स्क्रिप्ट लिहून दे. दिली. आठव्या वर्षी बाळंत झालेली आई सापडली, बापाच्या आधी जन्मलेला मुलगा सापडला. कुणीतरी ऑनलाइन चुकीचं भरलं होतं आणि बाकीच्यांनी ते न बघता कॉपी केलं होतं.

हे बग मी काढले. पण माझं भांडण या बगांशी नाही, ते 'आम्ही मूळचे इंग्लिश' या वाक्याशी आहे.

साधा हिशोब करा. बारा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा होतात २ चा बारावा घात, म्हणजे ४०९६. काही माणसं दोनदा येतात, म्हणून प्रत्यक्ष माणसं कमी भरतील. तरी त्या गर्दीतून आडनाव देणारा एकच पुरुष उचलायचा आणि त्यालाच मूळ म्हणायचं, हा शोध नाही. ही निवड आहे.

निवडही सोयीची. व्हर्जिनियात आलेले बहुतेक इंग्रज सरदार नव्हते. बोटीच्या भाड्यापायी काही वर्षं राबायचा करार करून आलेले मजूर होते. १७१८ ते १७७५ या काळात तर ब्रिटनने सुमारे ५०,००० कैदी अमेरिकन वसाहतींत पाठवले. पण वंशावळीत कैदी कुणाला हवाय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह आंजू नावाचा माणूस श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी विकत होता, आणि गिऱ्हाइकं रांगेत होती.

या हौसेपुढे कायदाही वाकला. १९२४ साली व्हर्जिनियाने वंशशुद्धीचा कायदा केला. दुसऱ्या रक्ताचा थेंबही असेल तर तुम्ही गोरे नाही. अपवाद एकच: मूळ अमेरिकन रक्त सोळाव्या हिश्श्यापर्यंत चालेल. का? तर तिथली बडी घराणी १६१४ साली जॉन रोल्फशी लग्न झालेल्या पोकाहॉन्टसचे वंशज म्हणून मिरवत होती. त्यांना गोरं ठेवायलाच हवं होतं.

आता खरी गोष्ट. त्या फाइलसोबत १७९०च्या दशकातल्या एका मृत्युपत्राचा स्कॅन होता. मुलांना काय काय द्यायचं त्याची यादी: पलंग, गायी, आणि त्यांच्याच ओळीत दोन माणसांची नावं. आडनाव नाही, वय नाही. गुलाम होते ते. मी विचारलं, यांना कुठे टाकू? सहकारी म्हणाला, "सोड, ते आपल्या घराण्यातले नाहीत."

इथे मी अडलो. १८५०च्या जनगणनेत प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. गुलामांचा तक्ता वेगळा होता. त्यात मालकाचं नाव, आणि त्याखाली गुलामाचं वय, लिंग, रंग. गुलामीतून सुटलेल्यांची नावं जनगणनेत आली ती १८७० साली. म्हणून कितीतरी काळ्या अमेरिकन कुटुंबांचा शोध १८७०पाशी येऊन भिंतीला धडकतो. भिंतीपलीकडची वाट जाते मालकाच्या कागदांतून: मृत्युपत्रं, खरेदीखतं, कराच्या याद्या. म्हणजे ज्या कागदाला माझा सहकारी 'सोड' म्हणाला, तो कुणाच्या तरी खापरपणजीचा एकमेव पुरावा असू शकतो.

लोक म्हणतात, 'आम्ही थोडेच गुलाम ठेवले? आम्ही का अपराधी वाटून घ्यायचं?' नका वाटून घेऊ. अपराधीपण कुणी मागितलेलंच नाही. स्कॅन मागितलाय. १६३५च्या पूर्वजाचा अभिमान वारशाने येत असेल, तर १७९०च्या पूर्वजाचे कागदही वारशानेच येतात. अर्धीच फाइल इम्पोर्ट करता येत नाही.

मी न सांगता दुसरी स्क्रिप्ट लिहिली. ती मृत्युपत्रांमधली अशी नावं वेगळी काढते: नाव, साल, काउंटी, मालक. यादी त्याला पाठवली आणि म्हटलं, ही सगळ्यांना दिसेल अशी टाक. कागद त्याच्या घरचे आहेत, तेव्हा टाकायचं बटणही त्यानेच दाबायला हवं.

दोन महिने झाले. वंशवृक्ष त्याने फ्रेम करून भिंतीवर लावलाय. यादी अजून त्याच्या इनबॉक्समध्ये पडून आहे.