पायांखालची नक्षी

जुने घर पाडावयास काढले म्हणजे त्याच्या अवयवांची विक्री एका ठराविक क्रमाने होते. प्रथम सागवान उतरते. तुळया, खांब, चौकटी आणि दारे यांचा भाव व्यापारी उभ्या उभ्याच सांगतो. मागोमाग लोखंडी गज, खिडक्यांची रंगीत काच, पितळी कड्या आणि कोयंडे जातात. विटांनाही गिऱ्हाईक मिळते. सरतेशेवटी उरते ती घराची जमीन, आणि तिच्यावर भिंती लोटल्या जातात. त्या ढिगाऱ्याखाली दिवाणखान्यातली नक्षीची फरशी पिचते आणि राडारोड्याबरोबर कुठल्या तरी खड्ड्याच्या भरावाला जाते. तिची किंमत कोणी केलेली नसते, म्हणून ती गेल्याची हळहळही कोणाला वाटत नाही.

सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा, शालीबंडा ह्या भागांत हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याविषयी लिहिणे आता कर्तव्यच वाटते. जुनी घरे पाडूच नयेत, असा उपदेश मला करावयाचा नाही. चार भावांचे वाटे, पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झालेली मुले, गळके छप्पर आणि दरवर्षीची डागडुजी यांचा हिशेब ज्याचा त्याने करावयाचा असतो. माझे मागणे त्याहून पुष्कळ लहान आहे. करारावर सही होणे आणि पहिली पहार पडणे यांच्या दरम्यान फरशीसाठी आठ दिवस राखून ठेवावेत, एवढेच ते मागणे.

ही फरशी आपल्या घरांत आली कशी, हे थोडे आठवून पाहण्यासारखे आहे. आपल्याकडची मूळची जमीन शहाबादी दगडाची, किंवा घोटलेल्या चुन्याची. सिमेंटच्या नक्षीदार फरशीची युक्ती निघाली ती दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये, गेल्याच्या आधीच्या शतकात. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ चे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात बार्सिलोनाच्या कारखानदारांनी ह्या फरश्या मांडल्या, आणि तेथून त्या जगभर पसरल्या. आपल्या देशात पोरबंदरला १९१४ साली सिमेंट निघू लागले. १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्सची स्थापना केली आणि विलायती फरशीला येथल्या मातीतला जोडीदार मिळाला. निजामच्या राज्यात तर शहाबादला दगडाबरोबर सिमेंटचाही कारखाना उभा राहिला. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली, तीत शहाबादची कंपनीही होती.

आपल्या शहरातल्या घरबांधणीचा काळही हाच. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुशीच्या महापुराने जुन्या वस्तीची वाताहत केली. १९१२ साली नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले, रस्ते रुंद झाले, नव्या वस्त्या उठल्या. १९३३ पर्यंत रेसिडेन्सीच्या अमलाखाली असलेल्या, आज आपण सुलतान बाजार म्हणतो त्या भागात वकील, डॉक्टर, शिक्षक आणि सावकार यांची दुमजली घरे झाली. माजघराला आणि स्वयंपाकघराला शहाबादी, आणि पक्षकार, पाहुणे व सोयरीक जुळवायला येणारी मंडळी जेथे बसत त्या दिवाणखान्याला रंगीत फरशी, अशी वाटणी पुष्कळ घरांत दिसते. ऐपतीचे आणि हौसेचे ते मोजूनमापून केलेले प्रदर्शन होते. गालिचा दरवर्षी झटकावा लागतो आणि कसर लागून जातो. हा गालिचा मात्र तीन पिढ्यांना पुरला.

तो पुरला याचे कारण त्याच्या घडणीत आहे. ही फरशी भट्टीत भाजलेली नसते आणि तिच्यावरचा रंग वरून फासलेलाही नसतो. लोखंडी साच्यात पितळेच्या किंवा पत्र्याच्या पट्ट्यांची नक्षीदार जाळी बसवतात. जाळीच्या एकेका कप्प्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचे पातळ मिश्रण कारागीर पळीने सोडतो. जाळी अलगद उचलली की रंग एकमेकांना भिडतात, पण मिसळत नाहीत. त्यावर कोरडे सिमेंट, मग वाळू-सिमेंटचा थर, आणि मग यंत्राचा दाब. पुढे काही दिवस पाण्यात आणि काही दिवस सावलीत राहिली की फरशी तयार होते. सर्वसाधारण फरशी आठ इंच चौरस आणि पाऊण इंच जाड असते. तिच्यात रंगाचा थर जेमतेम तीन ते चार मिलिमीटरांचा. तेवढा झिजवायला शंभर वर्षांची पावले पुरी पडत नाहीत. पॉलिशच्या यंत्राला एक दुपार पुरते.

म्हणून फरशी वाचवू पाहणाऱ्यांस पहिली सूचना अशी की तिला उजळवण्याची घाई करू नये. एका परिचितांच्या घरी लग्नकार्यापूर्वी फरशी चकचकीत करण्यासाठी यंत्र लावले गेले. ठेकेदाराने तिला चिपच्या मोझेकप्रमाणेच घासले, आणि उंबऱ्याशी आधीच झिजलेल्या भागातून खालचे करडे सिमेंट वर आले. ते पुन्हा झाकता आले नाही. दुसरा शत्रू ॲसिड. डाग काढण्यासाठी मोरीत वापरतात ते पाणी सिमेंटमधला चुनाच खाऊन टाकते. लिंबू, चिंच आणि ताक यांचाही डाग पडतो तो ह्याच कारणाने. साधे साबणपाणी, मऊ कुंचा आणि रोजचे ओले पुसणे एवढ्यावर ही फरशी अनेक वर्षे झळाळते. आपल्या आज्यांना ह्यातले रसायन ठाऊक नव्हते; त्यांची रीत मात्र बिनचूक होती.

आता उचलण्याविषयी. जुन्या घरांतली फरशी बहुधा चुना आणि सुरखीवर बसवलेली असते, आणि हे आपले मोठेच भाग्य होय. चुना धरून ठेवतो, पण चिकटून बसत नाही. भिंतीकडेची एखादी आधीच तडकलेली फरशी फोडून वाट करावी, चपटी छिन्नी आडवी धरून शेजारच्या फरशीच्या खाली सारावी आणि हलक्या हातोडीने ठोकीत जावे. वरून घाव घालू नये. पाठीचा चुना खरवडला की सुटतो. जेथे नंतरच्या काळात सिमेंटवर बसवलेली असेल तेथे मात्र बऱ्याच फरश्या फुटणार हे गृहीत धरावे. उचललेल्या फरश्या एकीवर एक आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, आणि नक्षीला नक्षी भिडवून मध्ये कागद घालावा. त्याआधी, सर्वांत आधी, खोलीचे छायाचित्र घ्यावे आणि कागदावर आराखडा काढून किनार कोठे, कोपरे कोठे, झीज कोठे, हे टिपून ठेवावे.

आकडेमोडीचे महत्त्व येथे कळते. समजा, दिवाणखाना १२ फूट रुंद आणि १६ फूट लांब आहे. आठ इंची फरशीच्या १८ आणि २४ अशा रांगा, म्हणजे एकूण ४३२ फरश्या. एकीचे वजन पावणेदोन किलो धरले तर सारा गालिचा पाऊण टनाचा झाला. त्यात कडेच्या एका ओळीत ४ कोपरे आणि ७६ किनारी, व मधले मैदान ३५२. उचलताना एक चतुर्थांश फुटल्या असे धरू. हाती मैदानाच्या २६४ आणि किनारीच्या ५७ येतात. नव्या सदनिकेतली खोली १० फूट आणि १२ फूट असली, तर भिंतीला भिडवून बसवताना किनारीच्या ५८ लागतात, म्हणजे एक कमी पडते. शिवाय मैदान १३ आणि १६ रांगांचे होते, आणि चार फरश्यांनी मिळून होणारे फूल एका बाजूला अर्धे कापले जाते. येथे आपला शहाबादी दगडच मदतीला येतो. दोन्ही लांब भिंतींना चार-चार इंचांची शहाबादीची पट्टी सोडली की मैदान १२ आणि १६ रांगांचे राहते, सारी फुले पुरी होतात आणि किनारीच्या ५६ फरश्यांत काम भागते. कोपरे मात्र चारच असतात आणि चारही लागतात. तेव्हा कोपरे उचलायचे ते सर्वांत कसलेल्या हाताने, आणि सर्वांत आधी.

कमी पडलेल्या फरश्या नव्याने करून घेता येतात. मुंबईच्या कारखान्यात जुन्या धर्तीच्या फरश्या आजही हाताने होतात. तमिळनाडूत चेट्टिनाड भागातल्या अत्तंगुडी गावी काचेवर ओतून फरश्या करण्याची परंपरा चालू आहे. नवी फरशी जुनीच्या शेजारी डोळ्यांत भरते, म्हणून त्या चार ठिकाणी विखरून न टाकता पलंगाखाली किंवा कपाटाखाली एकत्र बसवाव्यात. पाठ ओली करून, जाडीतला फरक खालच्या थरात सामावून, नक्षीची बाजू एका पातळीत आणावी. सांध्यावर सांडलेले सिमेंट सुकण्याआधीच पुसावे. तळमजल्यावर लोणा दिसल्यास तो ओलाव्याचा दोष समजावा आणि आधी जमीन वाळू द्यावी.

यावर कोणी म्हणेल, ही नक्षी मुळात फिरंगी. तिच्यासाठी एवढा जीव कशाला टाकावा? शिवाय मजुरी, वाहतूक आणि साठवण धरली तर नवी चकचकीत फरशी स्वस्त पडते. दुसरा आक्षेप बऱ्याचदा खरा असतो, हे मान्य केले पाहिजे. सगळी फरशी वाचवणे सर्वांना परवडणार नाही. मग देवघरापुरती, एखाद्या ओसरीपुरती, निदान एका भिंतीपुरती वाचवावी. पहिल्या आक्षेपाला मात्र ह्या शहरातल्या मराठी माणसाने भुलू नये. आपण बोलतो त्या मराठीत दिवाणखाना फारसी, शेजारी तेलुगू, आणि पंचांग आपले. तेव्हा फ्रान्सची युक्ती, मुंबईचा साचा, शहाबादचे सिमेंट आणि वर आपल्या घरच्या लक्ष्मीची पावले, असा जो मेळ ह्या जमिनीवर झाला तो आपल्याच इतिहासाचा नमुना आहे. फरशीवर कोणती नक्षी छापली हे कारखान्याने ठरवले. कोणत्या जागी ती झिजावी हे मात्र घरातल्या माणसांनी ठरवले. देवघरापुढची एक फरशी, झोपाळ्याखालच्या दोन, उंबऱ्याशी तीन: ही झीज पुन्हा विकत मिळत नाही. पुन्हा बसवताना ह्या फरश्या आपापल्या जागी, देवापुढे आणि दाराशीच लावाव्यात.

कायद्याकडे पाहून येथे फारसे काही साधणार नाही. इर्रम मंझिल पाडण्याचा निर्णय २०१९ साली उच्च न्यायालयाने रद्द केला. २०१७ चा वारसा कायदाही आहे. पण राजवाड्यांना लागणारे संरक्षण बडी चावडीतल्या वकिलाच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचावे अशी अपेक्षाही अवास्तव ठरेल. सुलतान बाजारातून मेट्रो नेताना किती घरांच्या दर्शनी बाजू गेल्या, हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको; २०२० च्या फेब्रुवारीत ती गाडी धावू लागली आणि त्या घरांचे पुढचे सोपे विस्मरणात गेले. जे खासगी आहे ते खासगी माणसांनीच जपावयाचे असते.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. विकासकाशी करार करताना सागवानाचा आणि विटांचा उल्लेख असतो, तसे एक वाक्य फरशीचेही घालावे: फरशी मालकाची, आणि ती उचलून झाल्याखेरीज तोडकामास आरंभ होणार नाही. सहीपूर्वी हे वाक्य फुकट मिळते. सहीनंतर त्याची किंमत द्यावी लागते. दुसरी गोष्ट सर्वांनी मिळून करण्याची आहे. ज्याला काहीच नेणे शक्य नाही त्याने प्रत्येक नमुन्याची निदान एकेक फरशी काढून, पाठीवर घराचे नाव, मोहल्ला, खोली आणि ठाऊक असल्यास बांधकामाचे साल लिहून ठेवावे. विवेक वर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा मराठी साहित्य परिषद यांपैकी एखाद्या संस्थेने त्यासाठी एक भिंत द्यावी. शंभर घरांच्या शंभर फरश्या एका भिंतीवर लागल्या, तर ह्या शहरात मराठी माणूस कसा राहिला हे सांगायला वेगळे पुस्तक लागणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबे एकत्र जमतात, आणि घराच्या विक्रीची बोलणीही बहुधा तेव्हाच होतात. त्या बैठकीत सतरंजी अंथरण्यापूर्वी खालची जमीन एकदा सर्वांनी मिळून पाहावी, आणि तिचे काय करावयाचे हा विषय बोलण्याच्या यादीत लिहून घ्यावा.