गाडी खाली करण्याआधी एकदा मागच्या सीटवर बसा!

विषय वाचून "डॉक्टरांनी गॅरेज कधी उघडलं?" असं काहींना वाटेल. पण हा विषय माझ्या ओपीडीतूनच आला आहे.

६८ वर्षांच्या एक आजी पाठ धरून आल्या. सोबत मुलगा. दोन दिवसांपूर्वी गाडीतून येताना स्पीडब्रेकरवर जोरात दणका बसला, तेव्हापासून उठता-बसता येत नव्हतं. एक्स-रेमध्ये छातीच्या भागातला शेवटचा, बारावा मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबलेला दिसला. मी विचारलं, "गाडी कुठली?" मुलाने अभिमानाने फोटो दाखवला. टायर आणि फेंडरमध्ये बोटही शिरणार नाही. "लोअरिंग स्प्रिंग टाकल्यात डॉक्टर, ४० मिलिमीटर खाली. थोडी कडक झालीये, पण कम्फर्ट म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे लाड!"

म्हातारं माणूस शेजारच्याच खुर्चीत कण्हत बसलं होतं.

मणका फक्त स्प्रिंगमुळे दबला असं मी म्हणणार नाही. त्यांची हाडं ठिसूळ झालेली होती, हे आधी तपासायला हवं होतं. पण "कम्फर्ट म्हणजे लाड" हे वाक्य मला साफ नामंजूर आहे. कम्फर्ट हा आरोग्याचा प्रश्न आहे.

स्प्रिंग आखूड झाली की काय होतं?

खड्डा किंवा उंचवटा आला की चाक वर उचललं जातं. त्याला वर जायला जी मोकळी जागा असते, तिच्यात स्प्रिंग दबते आणि दणका पचवते. ती जागा संपली की शेवटी एक रबरी ठोकळा असतो, बंप स्टॉप. त्यावर गाडी आदळली की दणका जवळपास थेट तुमच्या बैठकीला पोहोचतो.

समजा, तुमच्या गाडीत ही जागा ८ सेंटिमीटर आहे. गाडी ४ सेंटिमीटर खाली केली की जागा निम्मी. आता शाळेतलं गणित आठवा: स्प्रिंग किती ऊर्जा साठवते हे ती किती दबली त्याच्या वर्गावर अवलंबून असतं. निम्म्या जागेत तोच दणका पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी! बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा थोड्याफार कडक असतात, चौपट नव्हे. आणि चौपट कडक केली तर गाडीत बसवणार नाही. म्हणजे रोजच्या खड्ड्यांवर त्रास वाढतो, आणि मोठ्या खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर आदळायची ती आदळतेच.

शरीराचं काय?

साधी प्रवासी गाडी आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. ते शरीराला सोसतं. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेचे सर्वांत जास्त जाचणारे हादरे म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे. कंपनं मोजण्याच्या आयएसओ २६३१ या मानकातही याच पट्ट्याला सर्वाधिक वजन दिलं आहे. मऊ स्प्रिंग हे हादरे गाळते, कडक स्प्रिंग त्यातले जास्त आत सोडते. ट्रक, बस, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, त्यामागे हे हादरे हे एक मान्य कारण आहे.

बसच्या मागच्या सीटवर बसलेल्या प्रवाशांचे मणके स्पीडब्रेकरवर दबल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आणि आपले स्पीडब्रेकर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर हवी. तुमच्या गल्लीतला एकदा टेपने मोजून बघा.

"पण कंट्रोल वाढतो ना?"

वाढतो, चांगल्या रस्त्यावर. गाडी वळणावर कमी झुकते, हे खरं आहे. गाडी अति मऊ असणंही चांगलं नाही. संथ हेलकाव्यांनी मळमळ होते. पण खडबडीत रस्त्यावर चाकाला हलायला जागाच उरली नाही, तर ते रस्ता सोडून उडतं आणि कंट्रोल उलट कमी होतो. शिवाय तो कंट्रोल तुमच्या हातात, आणि दणका मागे बसलेल्यांच्या पाठीत! एकाच्या हौसेचं बिल दुसऱ्याने का भरायचं?

तरीही करायचंच असेल तर

- स्प्रिंग कापून गाडी खाली करू नका. हा सर्वांत घातक जुगाड आहे.
- स्प्रिंगला जुळणारे शॉकअप टाका. मूळ शॉकअप कडक स्प्रिंगला आवरू शकत नाहीत आणि लवकर खराब होतात.
- काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने झिजतील.
- मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आधी आरटीओत विचारा.
- घरात वयस्कर माणूस, गरोदर स्त्री किंवा मणक्याचा रुग्ण असेल, तर माझं उत्तर एकच: नको.

दणक्यानंतर पाठ सतत दुखत असेल तर बाम चोळत बसू नका, एक्स-रे काढा. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि साठी ओलांडलेल्या आईची हाडांची घनता तपासून घ्या. ती तपासणी स्प्रिंगच्या सेटपेक्षा खूप स्वस्त आहे.

त्या मुलाला मी उपदेश केला नाही. एवढंच सांगितलं, "गाडी मित्राला चालवायला दे. तू मागे बस, आई बसते त्याच जागेवर, आणि घरापासून माझ्या दवाखान्यापर्यंत ये."

पुढच्या तपासणीला तो आईला रिक्षाने घेऊन आला. म्हणाला, "गाडी गॅरेजला आहे डॉक्टर. जुन्या स्प्रिंग परत बसवतोय."